साठा हाडांत, टंचाई रक्तात : व्यालेल्या म्हशीचा दुग्धज्वर

चेन्नईच्या पश्चिमेला असलेले आवडी हे उपनगर मराठी वाचकाला दोन कारणांनी ऐकून माहीत असते. एक म्हणजे जानेवारी १९५५ मध्ये तेथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आणि दुसरे तेथील कारखान्यात तयार होणारे रणगाडे. पशुपालकाच्या दृष्टीने मात्र आवडीची तिसरी ओळख अधिक कामाची आहे. आवडीलगतच्या अलमादी येथे केंद्र शासनाचे मुऱ्हा म्हशींचे पैदास प्रक्षेत्र आहे. देशात अशी जी सात केंद्रीय प्रक्षेत्रे आहेत त्यांपैकी हे एक असून, उत्तम वंशावळीचे वळू तयार करून ते राज्यांना पुरविणे हा त्याचा हेतू आहे. त्याच अलमादीत चारा उत्पादन आणि प्रात्यक्षिकांचे प्रादेशिक केंद्रही आहे. एका कुंपणाआड जास्त दुधाची म्हैस घडविली जाते, तर शेजारी जास्त उत्पादनाचा हिरवा चारा.

या दोन्ही गोष्टी पशुपालकाला हव्याच आहेत. पण अधिक दूध देणारी म्हैस आणि भरघोस हिरवा चारा यांची गाठ विण्याच्या सुमारास पडली की कधी कधी एक अडचण उभी राहते. तिसऱ्या किंवा चौथ्या वेताची, अंगाने भरलेली, सुखरूप व्यालेली म्हैस दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात बसलेली आढळते. ती उठत नाही, मान वळवून कुशीवर टाकते, कान हाताला गार लागतात. आदल्या रात्री तिने बादली भरून चीक दिलेला असतो. लाखाच्या घरात किंमत असलेले जनावर काही तासांत हातचे जाऊ शकते. हाच दुग्धज्वर, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘मिल्क फिवर’ म्हणतात.

नाव फसवे आहे. या आजारात ज्वर नसतो. उलट शरीराचे तापमान उतरते. दुसरी फसगत अधिक महागात पडते. ‘कॅल्शियम कमी पडले’ असे निदान ऐकले की पशुपालक असा अर्थ काढतो की गाभणपणी कॅल्शियम कमी खाऊ घातले, आणि पुढच्या वेताला आधीपासूनच कॅल्शियमच्या बाटल्या सुरू करतो. वास्तविक ५०० किलो वजनाच्या म्हशीच्या अंगात सहा किलोंहून अधिक कॅल्शियम असते आणि त्यातील ९८ ते ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. खाली बसलेल्या म्हशीच्या हाडांतही हा साठा शाबूत असतो. प्रश्न साठ्याचा नसून तो वेळेवर बाहेर काढण्याचा आहे.

हिशेब मांडून पाहू. एवढ्या वजनाच्या जनावराच्या रक्तद्रवात कोणत्याही क्षणी जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फिरत असते. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम ही त्याची निरोगी पातळी. भाकड काळात वासराच्या वाढीसाठी आणि आईच्या स्वतःच्या गरजेसाठी दिवसाला दहा-बारा ग्रॅम शोषले गेले तरी भागते. विण्याच्या दिवशी हे गणित उलटते. गाईच्या चिकात लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे दहा लिटर चीक काढला तर वीस ग्रॅम गेले. रक्तात होते तीन आणि एका दिवसात बाहेर गेले वीस. जणू तिजोरीत लाखो असलेल्या माणसाच्या खिशात तीनशे रुपये आहेत, दारात दोन हजारांची वसुली उभी आहे, आणि तिजोरीची किल्ली सापडत नाही.

म्हशीच्या बाबतीत आकडा आणखी चढा आहे. गाईच्या एक किलो दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते, तर म्हशीच्या दुधात सुमारे १.८ ग्रॅम. म्हणजे दहा लिटर दूध देणारी म्हैस कॅल्शियमच्या हिशेबाने पंधरा लिटरच्या गाईइतकी रिती होते. ‘आमची म्हैस काही फार दुधाची नाही’ असे म्हणणाऱ्याने ही बेरीज लक्षात ठेवावी.

किल्ली कोठे असते, हे पाहण्यासाठी मानेकडे वळावे लागेल. अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या लगत काही बारीकशा ग्रंथी असतात. त्यांना परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. त्यांच्या शोधाशी एका भारतीय प्राण्याचा संबंध आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि त्यात त्याला थायरॉइडला चिकटलेली पिवळसर, घट्ट अशी एक छोटी ग्रंथी दिसली. माणसात तीच ग्रंथी स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम याने १८८० मध्ये वर्णिली. ती करते काय, हे समजायला मात्र पुढची कित्येक दशके लागली. रक्तातील कॅल्शियम ‘मोजणारा’ पेशींवरील ग्राहक रेणू तर १९९३ मध्ये हाती लागला, आणि तोही गाईच्या परावटू ग्रंथीतून.

रक्तातील कॅल्शियम थोडे जरी उतरले तरी या ग्रंथी ते तत्काळ ओळखतात आणि परावटू संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक तीन दारे ठोठावते. पहिले दार मूत्रपिंडाचे. तेथून लघवीवाटे जाणारे कॅल्शियम काही मिनिटांत अडविले जाते. पण मुळात लघवीतून जातेच थोडे, त्यामुळे बचतही थोडीच होते. दुसरे दार हाडांचे. तेथील हाडे विरघळविणाऱ्या पेशी कामाला लागून साठ्यातले कॅल्शियम रक्तात उतरवितात. तिसरे दार आतड्याचे, आणि ते थेट उघडत नाही. संप्रेरकाच्या हुकमावरून मूत्रपिंडात ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार होते, ते आतड्यापर्यंत पोहोचते आणि मग आतड्याच्या पेशी चाऱ्यातले कॅल्शियम जोमाने शोषू लागतात. हे ‘ड’ जीवनसत्त्व प्रथम उन्हाने कातडीत बनते, यकृतात त्यावर एक संस्कार होतो आणि शेवटचा संस्कार मूत्रपिंडात. पातळी वाजवीपेक्षा वर गेली तर थायरॉइडमधून निघणारे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक उलट दिशेने काम करते. कॅनडातील हॅरल्ड कॉप यांनी १९६० नंतरच्या वर्षांत ते जगापुढे आणले.

या साऱ्या व्यवस्थेत एकच उणीव आहे, वेळेची. आतड्याचे दार पूर्ण उघडायला सुमारे एक दिवस लागतो, हाडांचे त्याहून अधिक, सुमारे दोन दिवस. चीक मात्र विण्याच्या क्षणीच तयार असतो. त्या मधल्या एक-दोन दिवसांत प्रत्येक गाई-म्हशीच्या रक्तातील कॅल्शियम थोडेफार उतरतेच. बहुतेकींना ते निभावता येते, काहींना येत नाही. वय वाढले की हाडांतील झीज-भर मंदावते आणि आतड्यातील ‘ड’ जीवनसत्त्वाचे ग्राहकही घटतात. म्हणून पहिलारू कालवडीला किंवा रेडीला हा आजार सहसा होत नाही आणि तिसऱ्या वेतापासून पुढे तो डोके वर काढतो. गाईंमध्ये जर्सी ही या बाबतीत अधिक नाजूक मानली जाते. तामिळनाडूच्या मैदानी भागात संकरासाठी जर्सीलाच पसंती आहे, त्यामुळे तेथील गोठ्यांना हा विषय म्हशीपुरताच राहत नाही.

येथे कोंबडीची आठवण होते. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि दीड-दोन किलोंची कोंबडी ते जवळपास रोज देते. अंगाच्या मानाने पाहिले तर तिच्यापुढे म्हैस फारच मागे आहे. फरक असा की कोंबडी अंड्यावर येण्याच्या आधीच लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास हातउसना साठा बांधते आणि रात्री कवच घडताना तो वापरते. ज्याला रोज देणे असते तो रोख जवळ बाळगतो. वर्षातून एकदा विणाऱ्या जनावराला निसर्गाने ही सोय दिलेली नाही.

लक्षणांचा क्रम पशुपालकाने ओळखायला हवा, कारण पहिली पायरी हातात असताना उपचार सोपा असतो. कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावत नाही आणि मज्जातंतूचे संदेश नीट पोहोचत नाहीत. सुरुवातीला जनावर बुजते, अंगावर थरथर येते, मागचे पाय ओढत चालते, खाणे सोडते. हा टप्पा तासाभरात निसटून जातो आणि बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. मग ते खाली बसते. मानेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक येतो किंवा मान कुशीवर जाते. मुसक कोरडे पडते, कान आणि पायाची टोके गार होतात, रवंथ थांबते, शेण घट्ट होते किंवा पडतच नाही. शेवटच्या टप्प्यात जनावर आडवे होते, पोट फुगते, नाडी लागत नाही, शुद्ध हरपते. या वेळी रक्तातील कॅल्शियम अनेकदा पाच मिलिग्रॅमच्याही खाली गेलेले असते. बसलेल्या अवस्थेत चार-सहा तास गेले तरी स्वतःच्याच वजनाखाली मागच्या पायांचे स्नायू आणि नसा दबून कायमची इजा होऊ शकते. मग रक्तातले कॅल्शियम भरून आले तरी जनावर उठत नाही. म्हणून ‘सकाळी बघू’ हा शब्द या आजारात उच्चारू नये.

आता थोडे इतिहासात जाऊ, कारण त्यात या आजाराचे मर्म उघडे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दुग्धज्वर झालेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक दगावत. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या कोल्डिंग गावातील पशुवैद्यक युर्गेन श्मिट यांनी असा तर्क केला की कासेत काहीतरी विष तयार होते आणि ते मारण्यासाठी त्यांनी सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण कासेत सोडले. गाई उठू लागल्या. पुढे त्याच देशात अँडरसन यांनी औषध वगळून कासेत नुसती हवा भरली, तरीही गाई उठल्या. युरोपभर सायकलच्या पंपासारखी साधने घेऊन पशुवैद्यक गोठ्यागोठ्यांत हिंडू लागले आणि मृत्यू अगदी थोडे राहिले. तर्क चुकीचा होता, उपाय मात्र लागू पडला. कासेत हवेचा दाब वाढला की दूध पाझरणे थांबते, दूध थांबले की रक्तातून कॅल्शियमची गळती थांबते, आणि तेवढ्या अवधीत हाडांचे व आतड्याचे दार उघडते. एक कणही कॅल्शियम न देता कॅल्शियमअभावी पडलेले जनावर उभे राहत होते. साठा अंगातच आहे, याहून बोलका पुरावा दुसरा नाही. (आज हा प्रयोग कोणीही करू नये. अस्वच्छ नळीने कासेत जंतू जाऊन कासदाह, म्हणजे दगडी, होते आणि सड कायमचे जातात.)

या आजारात रक्तातील कॅल्शियम उतरते हा विचार १९२५ मध्ये स्कॉटलंडमधील ड्रायर आणि ग्रेग यांनी नेटाने मांडला, आणि १९३० नंतरच्या दशकात कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे द्रावण शिरेतून देण्याचा उपचार रुळला. आज आपल्या गावातले पशुवैद्यक जी बाटली लावतात ती तीच. तिचा परिणाम पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. बाटली अर्धी होते न होते तोच कोरड्या मुसकावर घामाचे थेंब येतात, अंग थरथरते, ढेकर येते, शेण-लघवी होते आणि अनेकदा अर्ध्या तासात म्हैस उठून गव्हाणीकडे जाते.

बाटली सोपी दिसते म्हणून ती कोणीही लावावी असे मात्र नाही. कॅल्शियम शिरेतून वेगाने गेले तर हृदय थांबते. म्हणून पशुवैद्यक ते अंगाच्या तापमानाइतके कोमट करून, दहा ते वीस मिनिटे घेऊन, हृदयाचे ठोके ऐकत देतात. खाली पडलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये. गिळण्याचे स्नायूही शिथिल असल्याने पाजलेले फुफ्फुसात जाते. पशुवैद्यक येईपर्यंत करण्याजोगे काम वेगळे आहे. आडव्या जनावराला छातीवर बसते करावे, दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या पेंढ्या किंवा भुशाची पोती लावून टेकू द्यावा, खाली मऊ अंथरूण घालावे आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. फरशीवर घसरून पाय फाकले तर कॅल्शियमचा आजार बरा होऊनही जनावर हातचे जाते.

उठलेल्या जनावरांपैकी सुमारे चौथा हिस्सा पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा बसतो. कारण वरच्या यंत्रणेतच आहे. शिरेतून आलेल्या कॅल्शियमने रक्तातील पातळी एकदम चढते, परावटू ग्रंथी ‘आता गरज नाही’ असे समजून गप्प होतात आणि काही तासांनी बाहेरचे कॅल्शियम संपले की पुन्हा तूट येते. म्हणून उठल्यानंतर एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये. वासराला मात्र पहिल्या काही तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक मिळालाच पाहिजे; काटकसर आपल्या बादलीत करावी, वासराच्या तोंडात नव्हे. याच कारणाने ‘व्याली की लगेच एक बाटली शिरेतून’ ही अनेक गोठ्यांत रुजलेली पद्धत मला चुकीची वाटते. धडधाकट उभ्या जनावराच्या ग्रंथींना ऐन गरजेच्या वेळी झोपविण्याचा तो प्रकार आहे. मागच्या वेताला त्रास झालेल्या जनावराला प्रतिबंध म्हणून द्यायचेच असेल, तर ते उभे आणि शुद्धीवर असताना, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तोंडाने देण्याचे कॅल्शियम अधिक बरे. त्याने पातळी हळूहळू चढते आणि ग्रंथी जाग्या राहतात.

बसलेली म्हैस सर्वांना दिसते. न बसलेली, पण रक्तात कॅल्शियम आठ मिलिग्रॅमच्या खाली असलेली म्हैस कोणालाच दिसत नाही, आणि अशांची संख्या बसणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. त्यांचे गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही म्हणून जार अडकतो किंवा मायांग बाहेर येते. सडाच्या टोकाचा स्नायू घट्ट मिटत नाही म्हणून दूध काढल्यावर जंतू आत शिरून दगडी होते. पोटाची हालचाल मंद झाल्याने खाणे कमी होते, अंगावरची चरबी वितळते आणि पुढे माज लांबतो. पशुपालक या प्रत्येक तक्रारीवर स्वतंत्र औषध आणतो. मूळ एकच असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मग उपाय कोठे? विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत. आणि येथे पुन्हा अलमादीच्या त्या दुसऱ्या कुंपणाकडे, चाऱ्याकडे यावे लागते.

१९६० ते १९७१ या काळात नॉर्वेमध्ये एंडर आणि डिशिंग्टन यांना असे आढळले की आम्ल घालून टिकविलेला मूरघास खाणाऱ्या गाईंना दुग्धज्वर कमी होतो. १९८४ मध्ये कॅनडातील ब्लॉक यांनी गाईंचे दोन गट केले. एका गटाच्या आहारात सोडियम-पोटॅशियमसारखे धनभारित क्षार वरचढ ठेवले, दुसऱ्यात क्लोराइड-गंधकासारखे ऋणभारित. पहिल्या गटात जवळपास निम्म्या गाईंना दुग्धज्वर झाला, दुसऱ्यात एकीलाही नाही. कॅल्शियमची मात्रा हे त्यातील रहस्य नव्हते. धनभारित क्षार जास्त झाले की रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि अशा रक्तात परावटू संप्रेरक पेशीवरील आपल्या ग्राहकात नीट बसत नाही. किल्ली आहे, कुलूपही आहे, पण कुलूप गंजलेले. आहार थोडा आम्लाकडे झुकविला की कुलूप सहज फिरते.

आपल्या गोठ्यात हे गंजविणारे द्रव्य प्रामुख्याने पोटॅशियम आहे, आणि ते येते हिरव्या चाऱ्यातून. वनस्पती गरजेपेक्षा कितीतरी अधिक पोटॅशियम जमिनीतून उचलतात. मक्याच्या मूरघासात ते कोरड्या वजनाच्या एक-सव्वा टक्का असते, तर लसूण घासात अडीच-तीन टक्के. जोमदार खत दिलेल्या संकरित नेपियरमध्ये ते तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत आज कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या को-४ आणि को-५ या जाती लावलेल्या आहेत. नावातला ‘को’ त्या शहराचाच. उत्पादनाच्या दृष्टीने या गवतांना तोड नाही. अडचण गवताच्या जातीपेक्षा त्याच्या जागेची आहे. नेपियरचा वाफा बहुधा गोठ्याला लागून असतो आणि गोठा धुतलेले शेण-मुताचे पाणी सरळ त्यात सोडलेले असते. गोमूत्रात पोटॅशियम भरपूर असते. वर्षानुवर्षे तेच पाणी त्याच वाफ्यात, तेच गवत त्याच गव्हाणीत आणि तेच मूत्र पुन्हा वाफ्यात, असे पोटॅशियमचे बंद चक्र गोठ्याभोवती फिरत राहते. दुभत्या जनावराला त्याचे काही वाईट होत नाही. विण्याच्या टेकीस आलेल्या म्हशीला मात्र याच वाफ्यातले गवत सर्वांत आधी बंद करावे. तिला कडबा, मक्याचा मूरघास आणि लांबच्या, फारसे खत न दिलेल्या बांधावरचे गवत द्यावे.

पोटॅशियमचा दुसरा उपद्रव म्हणजे ते पोटात मॅग्नेशियमचे शोषण अडविते. मॅग्नेशियम कमी पडले तर परावटू ग्रंथी संप्रेरक नीट सोडत नाहीत आणि सोडलेल्याला अवयव दादही देत नाहीत. त्यामुळे विण्याआधीच्या आहारात कोरड्या वजनाच्या ०.३५ ते ०.४ टक्के मॅग्नेशियम असावे, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. सगळा भर कॅल्शियमवर असलेल्या गोठ्यात मॅग्नेशियमचे नावही निघत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथे साखर कारखान्यांच्या हंगामात जनावरांची वैरण म्हणजे उसाचे वाढे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते आणि ते पोटात कॅल्शियमला बांधून न विरघळणारे संयुग करते; मग खाल्लेले कॅल्शियम शेणावाटे जाते. चेन्नईच्या परिसरात आणि आपल्या कोकणात भाताचा पेंढा मुख्य वैरण आहे. त्यातही ऑक्झॅलेट असते आणि कॅल्शियम मुळात थोडे. आता कोणी म्हणेल, विण्याआधी कॅल्शियम कमी मिळालेले बरे, कारण ग्रंथी जाग्या राहतात. हे तत्त्वतः खरे आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत बोडा आणि कोल यांनी तसे दाखवूनही दिले. परंतु त्यासाठी कॅल्शियम फारच खाली आणावे लागते, आणि वाढ्यांवर सहा महिने काढलेल्या म्हशीचा हाडांतला साठाही खंगलेला असू शकतो. माझ्या मते पेंढा आणि वाढे यांच्या पट्ट्यात वर्षभर खनिज मिश्रण नेमाने द्यावे आणि शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या जादा बाटल्या, चुन्याची निवळी व लसूण घास यांना सुट्टी द्यावी. विताक्षणी मात्र कॅल्शियम पूर्ण प्रमाणात सुरू झाले पाहिजे.

ऋणभारित क्षारांची तयार मिश्रणे बाजारात मिळतात. त्यांत अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड असे क्षार असतात. ते कडवट असल्याने जनावर आंबोण टाकते, म्हणून ते चविष्ट पेंडीत मिसळून थोडे थोडे वाढवीत न्यावे लागतात आणि व्याल्यावर बंद करावे लागतात. ते लागू पडत आहेत की नाही हे लघवीच्या सामूवरून कळते. एरवी गाई-म्हशींच्या लघवीचा सामू आठच्या आसपास असतो. तो ६.२ ते ६.८ च्या दरम्यान आला की मात्रा योग्य, साडेपाचच्या खाली गेला की अतिरेक. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात आणि धार मधोमध असताना पट्टी भिजविणे इतकेच काम आहे. तरीही दोन-तीन म्हशींच्या गोठ्यात या पुड्यांकडे वळण्यापूर्वी वैरण बदलून पाहावी, असे मी सुचवीन. बिनखर्चाचा आणखी एक बदल आहे. पचनासाठी म्हणून आंबोणात रोज मूठभर खाण्याचा सोडा टाकण्याची सवय असेल तर या तीन आठवड्यांत ती थांबवावी. सोड्यातले सोडियमही रक्ताला अल्कधर्मी बाजूला नेते. मेंढपाळांनी एक फरक ध्यानात घ्यावा. मेंढीत हीच तूट विण्याच्या आधी, पोटात जुळी असताना, शेवटच्या आठवड्यांत दिसते.

राहिली ‘ड’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने. विण्याआधी मोठी मात्रा देऊन आतड्याचे दार आधीच उघडून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. परंतु गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. विण्याची तारीख लांबली, इंजेक्शन पुन्हा दिले आणि कॅल्शियम हृदय, रक्तवाहिन्या व मूत्रपिंडात साचून बसले, असे घडू शकते. हेच विष वनस्पतीतूनही येते. बागेच्या कुंपणाला लावतात तो ‘दिन का राजा’ हे रातराणीच्या कुळातले झुडूप ‘ड’ जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपासारखे द्रव्य पानांत बाळगते, आणि ते खाणाऱ्या गुरांच्या धमन्यांत चुना साठतो. कुंपण छाटल्यावर त्याची पाने गव्हाणीत पडू देऊ नयेत.

हे सारे करायचे तर विण्याची तारीख माहीत हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच नोंद नसते. ‘दिवाळीच्या आसपास विणार’ एवढ्यावर तीन आठवड्यांचे नियोजन होत नाही. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, गाईचा सुमारे २८० दिवसांचा. १ जानेवारीला रेतन केलेली म्हैस ७ नोव्हेंबरच्या आसपास विणार, म्हणजे तिची वैरण १७ ऑक्टोबरपासून बदलायची. त्या दिवसांत पाऊस नुकताच उघडलेला असतो, वाफ्यात नेपियर कमरेएवढे उभे असते आणि हिरवे टाकायचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो. त्या एका गव्हाणीत मात्र कडबा आणि मूरघासच पडलेला असावा.